बदललेली झडप आणि रोजचा नेम



वसंत ऋतूतील या व्याख्यानसत्रात साहित्य, राजकारण, तत्त्वज्ञान असे भारदस्त विषय घेऊन वक्ते येतात. आमचा आजचा विषय त्या मानाने फार लहान आहे. इतका लहान की तो दोन बोटांच्या चिमटीत मावतो. ती एक गोळी आहे. हृदयाची झडप बदललेल्या माणसाला ती रोज घ्यावी लागते आणि धातूची झडप बसवलेली असेल तर जन्मभर घ्यावी लागते. लोक तिला 'रक्त पातळ करण्याची गोळी' म्हणतात. या गोळीसह जगायचे कसे, एवढाच आमचा विषय.

आरंभीच एक खुलासा केला पाहिजे. आम्ही वैद्य नव्हे. आमच्या छातीत गेली अठरा वर्षे एक कृत्रिम झडप उघडमीट करीत आहे, आणि रात्री घरात सामसूम झाली म्हणजे तिची टिकटिक आम्हांला ऐकू येते, एवढाच आमचा अधिकार. त्यामुळे आज आम्ही जे सांगू ते औषधयोजना म्हणून कोणी घेऊ नये. ती आपापल्या डॉक्टरांची बाब आहे. पण औषध लिहून देणे वेगळे आणि ते पोटात घेऊन संसार करणे वेगळे. या दुसऱ्या गोष्टीविषयी आमच्यासारख्यानेही चार शब्द बोलावेत, असे आम्हांला वाटते.

प्रथम झडपेची ओळख करून घेऊ. हृदयाला चार कप्पे आणि चार झडपा. झडपेचे काम पाणचक्कीतल्या किंवा विहिरीवरच्या पंपातल्या झडपेसारखेच: रक्ताला पुढे जाऊ द्यायचे, मागे येऊ द्यायचे नाही. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा हे दार उघडते आणि मिटते. ते आखडले तर रक्त पुढे सरकत नाही, सैल पडले तर मागे गळते. दोन्ही प्रकारांत माणसाला धाप लागते, पाय सुजतात, जिना चढवत नाही.

पाश्चात्त्य देशांत आज झडपा बिघडतात त्या बहुधा म्हातारपणामुळे. आपल्याकडे मात्र दुसरेच एक कारण अजून ठाण मांडून बसले आहे. लहानपणी मुलाचा घसा दुखतो. एका विशिष्ट जंतूमुळे तो दुखत असेल आणि त्यावर वेळीच इलाज झाला नाही, तर काही मुलांना त्यानंतर संधिवाताचा ताप येतो. सांधे सुजतात आणि उतरतात, ताप जातो, घरचे लोक विसरूनही जातात. पण जंतूंशी लढायला निघालेली शरीराची फौज त्या गडबडीत हृदयाच्या झडपांवरही वार करून जाते आणि त्याचा परिणाम दहावीस वर्षांनी दिसतो. हा रोग दाटीवाटीच्या वस्त्यांत, अर्धपोटी घरांत जास्त. म्हणून आपल्या इस्पितळांत झडप बदलण्यासाठी येणारा रोगी पुष्कळदा पिकल्या केसांचा नसतो. ती नुकते लग्न झालेली मुलगी असते, किंवा घरातला एकटा कमावता तरुण असतो. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी, कारण 'जन्मभर' या शब्दाचा अर्थ तिथे चाळीस-पन्नास वर्षे असा होतो.

झडप बदलण्याची विद्या तशी अलीकडची आहे. 1960 साली अमेरिकेतील ऑरेगन राज्यात आल्बर्ट स्टार नावाचे तरुण शल्यविशारद आणि लॉवेल एडवर्ड्स नावाचे वयोवृद्ध इंजिनिअर यांनी मिळून पिंजऱ्यात चेंडू ठेवलेली एक झडप तयार केली व ती माणसाच्या हृदयात बसवली. पुढे चेंडू जाऊन तबकडी आली, तबकडी जाऊन दोन पाकळ्या आल्या. आपल्या देशाने यात मागे राहू नये म्हणून तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे खपले. त्यांचे आधीचे नमुने कसोटीला उतरले नाहीत. अखेर 6 डिसेंबर 1990 रोजी चित्रा झडप पहिल्यांदा रोग्याच्या हृदयात बसली, आणि त्यानंतर एक लाखाहून अधिक माणसांना ती मिळाली आहे. परदेशी झडपेची किंमत ज्याच्या आवाक्याबाहेर होती अशा किती घरांना या एका वस्तूने जगवले असेल, याचा हिशेब करणे कठीण आहे.

आता कोणी विचारील, झडप बसली, रोग गेला, मग गोळी कशाला? याचे उत्तर रक्ताच्या स्वभावात आहे. रक्ताचे दोन धर्म आहेत. नळीत असताना वाहणे हा एक आणि नळी फुटली की साकळणे हा दुसरा. बोट कापले की दोनचार मिनिटांत रक्त थांबते, ही निसर्गाची केवढी कृपा! पण रक्ताला आपपर समजते. शिरांच्या आतल्या मऊ अस्तराशी त्याची जन्माची ओळख असते. धातूशी, कार्बनशी किंवा प्लास्टिकशी नसते. परके काही लागले की ते तिथे साकळू पाहते. झडपेच्या बिजागरीत अशी गुठळी बसली तर दार अडकते. आणि गुठळीचा तुकडा सुटून मेंदूकडे गेला तर क्षणात अर्धांगवायू होतो. हे टाळायचे तर रक्ताची साकळण्याची घाई थोडी कमी करावी लागते. ती गोळी एवढेच करते. म्हणजे, नीट पाहिले तर, गोळीने रक्त पातळ होतच नाही. दुधात पाणी घालावे तसा हा प्रकार नव्हे. रक्त होते तेवढेच दाट राहते. ते साकळायला वेळ लावते, इतकेच. हा शब्दांचा खेळ नव्हे. 'माझे रक्त पातळ झाले म्हणून मला अशक्तपणा आला' असे समजून गोळी सोडणारे लोक आम्ही पाहिले आहेत.

जनावरांच्या ऊतीपासून केलेल्या झडपाही मिळतात. त्यांना ही गोळी बहुधा काही महिनेच लागते. पण त्या दहापंधरा वर्षांत झिजतात आणि तरुण शरीरात अधिक लवकर झिजतात. मग पुन्हा छाती उघडणे आले. म्हणून तरुण माणसाला सहसा धातूची झडप आणि जन्माची गोळी, वृद्धाला ऊतीची झडप आणि गोळीपासून सुटका, असा सर्वसाधारण हिशेब मांडला जातो. कोणताही मार्ग फुकटचा नाही.

या गोळीचा जन्म कुठल्या वैद्यशाळेत झाला नाही. तो गुरांच्या गोठ्यात झाला. 1920 नंतरच्या काळात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडील भागात गुरे एका विचित्र रोगाने मरू लागली. शिंगे कापली की रक्त थांबत नसे. काहींच्या तर आतल्या आतच रक्तस्राव होई. शोफिल्ड नावाच्या पशुवैद्याने शोधून काढले की कुजट, बुरशी आलेला 'स्वीट क्लोव्हर' नावाचा चारा खाणारी गुरेच मरतात. हा चारा म्हणजे आपल्या मेथीच्या जवळच्या नात्यातली वनस्पती. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी भर हिमवादळात सुमारे दोनशे मैलांची वाट तुडवून विद्यापीठात आला. त्याच्या गाडीत मेलेली कालवड होती, सडका चारा होता, आणि दुधाच्या कॅनमध्ये न साकळलेले रक्त होते. तिथे त्याची गाठ कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाशी पडली. लिंक आणि त्यांच्या शिष्यांनी पुढची सहा वर्षे झटून 1939 साली त्या चाऱ्यातले विषद्रव्य हाती घेतले. त्याच कुळातले एक अधिक प्रभावी द्रव्य 1948 साली उंदीर मारण्यासाठी बाजारात आले. ज्या संस्थेने संशोधनाला पैसा पुरवला तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याचे नाव ठेवले वॉर्फरिन. 1954 साली ते माणसांसाठी मंजूर झाले, आणि 1955 साली अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा त्यांनाही ते देण्यात आले.

ही हकीकत ऐकली म्हणजे काही लोक नाक मुरडतात. 'म्हणजे आम्हांला उंदराचे औषध खायला घालता!' असे म्हणतात. त्यांना आम्ही इतकेच सांगतो की विष आणि औषध यांत फरक असतो तो मात्रेचा. बचनाग आपल्या वैद्यांनी शुद्ध करून वापरलाच की नाही? या गोळीच्या बाबतीत मात्र मात्रेचा प्रश्न इतर औषधांहून नाजूक आहे. आपल्याकडे वॉर्फरिनच्या बरोबरीने तिची बहीण ॲसिनोकूमॅरॉल पुष्कळ चालते. ॲसिट्रॉम या नावाने ती घराघरांत ठाऊक आहे. दोघींचे काम एकच, परंतु मात्रा वेगळी. एकीच्या जागी दुसरी आपल्या मनाने घ्यायची नसते.

गोळी काम कशी करते हे समजले म्हणजे पुढचे सगळे नियम पाठ करावे लागत नाहीत. ते आपोआप सुचतात. रक्त साकळण्यासाठी लागणारी काही द्रव्ये यकृतात तयार होतात आणि ती तयार करताना यकृताला के जीवनसत्त्व लागते. हे जीवनसत्त्व डेन्मार्कच्या हेन्रिक डाम यांनी शोधले, व त्याबद्दल 1943 सालच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. एकदा वापरलेले के जीवनसत्त्व शरीर पुन्हा ताजे करून वापरते. गोळी नेमकी या ताजे करण्याच्या कामात खोडा घालते. तेव्हा एका पारड्यात गोळी आणि दुसऱ्यात के जीवनसत्त्व असा हा तराजू आहे. आणि हे जीवनसत्त्व मुख्यतः येते कुठून? हिरव्या पालेभाजीतून.

तराजूचा काटा कुठे आहे हे पाहण्यासाठी रक्ताची एक तपासणी करतात. तिला आय.एन.आर. म्हणतात. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेचे आकडे वेगळे येत. सांगलीचा आकडा मुंबईत लागू पडत नसे. 1983 साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांसाठी एक समान माप ठरवून दिले. निरोगी माणसाचा आकडा 1 च्या आसपास असतो. आमच्यासारख्यांचा तो सामान्यतः 2 ते 3, आणि डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, म्हणजे मायट्रल झडप बदललेली असेल तर 2.5 ते 3.5 असा ठेवतात. नेमका किती, हे डॉक्टर ठरवतात. आकडा खाली गेला तर गुठळीचे भय, वर गेला तर रक्तस्रावाचे. दोन्हीकडे दरी आणि मधून पायवाट, असा हा घाट आहे. आणखी एक गोष्ट अशी की आज घेतलेल्या गोळीचा पुरा परिणाम आज दिसत नाही. दोनतीन दिवसांनी दिसतो, कारण आधी तयार झालेली द्रव्ये रक्तात शिल्लक असतात. म्हणून काल गोळी चुकली आणि आज काही झाले नाही, यावरून 'गोळी नाही घेतली तरी चालते' असा निष्कर्ष काढणे म्हणजे कोठीतले धान्य संपेपर्यंत पेरणीची गरज नाही असे म्हणण्यासारखे आहे.

श्रोतेहो, आता आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. आपल्या समाजात पथ्य या शब्दाचा एकच अर्थ रूढ झाला आहे: सोडणे. डॉक्टर काही बोलण्याच्या आत रोगी विचारतो, 'काय काय बंद करू?' आंबट बंद, तेलकट बंद, भात बंद. काहीतरी बंद केल्याशिवाय आपण आजारी आहोत याचे समाधान त्याला मिळत नाही. झडपेच्या रोग्याला कोणीतरी सांगतो की पालेभाजीत के जीवनसत्त्व असते. झाले! त्या दिवसापासून घरातून मेथी, पालक, शेपू, चाकवत, माठ हद्दपार होतात. आमटीवरची कोथिंबीरदेखील वेचून बाजूला काढली जाते. आमचे म्हणणे असे की हे पथ्य नव्हे, हे पथ्याचे विडंबन आहे. के जीवनसत्त्वाचा साठा आटला की काटा अधिकच हेलकावतो. मग एखाद्या लग्नात वाटीभर अळूची भाजी खाल्ली तरी आकडा कोसळतो. शिवाय लोह आणि इतर पोषक द्रव्ये जातात ती वेगळीच.

या गोळीला हवा असतो सारखेपणा. आठवड्यातून तीनदा वाटीभर पालेभाजी खाण्याची घरची रीत असेल तर ती तशीच चालू ठेवावी. डॉक्टर त्या रीतीला धरून गोळीची मात्रा बसवतात. मात्रा जेवणाला जुळवून घेते; जेवणाने मात्रेला हुलकावणी देऊ नये. वारकरी काय करतो पाहा. तो एका दिवसात शंभर मैल धावत नाही आणि दुसऱ्या दिवशी झोपूनही राहत नाही. रोजचा मुक्काम ठरलेला, रोजची चाल ठरलेली. त्याला तो नेम म्हणतो. आमच्या पथ्याला आम्ही हाच शब्द लावू इच्छितो.

परंतु आपले वर्ष सारखे नसते, आणि खरी अडचण इथेच आहे. हिवाळ्यात मेथीच्या जुड्या मातीमोल होतात, शेतावर हरभऱ्याचा पाला आणि करडईची कोवळी भाजी येते. घरात दोन्ही वेळेला भाजी तीच. आकडा खाली येतो. पावसाळ्यात रानभाज्या. मग श्रावणातले सोमवार, चातुर्मासाचे नेम, नवरात्राचे नऊ दिवस. साबुदाणा, वरई, बटाटा यांवर माणूस राहतो. पालेभाजी नाही, पोटात अन्न कमी. आकडा वर चढतो. आम्ही कोणाच्या व्रतावर टीका करू इच्छित नाही. ज्याला उपास करायचा आहे त्याने डॉक्टरांना आधी सांगून, तपासणीची तारीख त्या बेताने ठरवून करावा. आजारपणाचेही तसेच. चार दिवस जुलाब झाले, ताप आला, तोंडाची चव गेली की जेवण सुटते आणि आकडा गुपचूप वर जातो. दारूने तर तो कधी वर जाईल आणि कधी खाली येईल याचा भरवसाच नाही.

अन्नाहून अधिक जपले पाहिजे ते दुसऱ्या औषधांपासून. आपल्याकडे औषधाच्या दुकानात जाऊन 'अंग दुखते, काहीतरी द्या' म्हणण्याची पद्धत आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका आमच्या बाबतीत कितीतरी वाढतो. दुखण्यासाठी सहसा पॅरासिटॅमॉल सुचवतात, तेही बेताने. मेट्रोनिडाझोल, कोट्रायमोक्साझोल, बुरशीवरचे फ्लुकोनाझोल ही औषधे आकडा झपाट्याने वर नेतात. क्षयाचे रिफाम्पिसिन उलट तो खाली ओढते, आणि ते बंद झाले की वाढवून ठेवलेली मात्रा अंगलट येते. ही औषधे कधीच घ्यायची नाहीत असे नाही. ती घेतली की तपासणी लवकर करायची. काढे, चूर्णे, 'हृदयासाठी खास' म्हणून विकली जाणारी भस्मे यांविषयीही हाच नियम. वनस्पतीतून येते ते निरुपद्रवी, असे ज्यांना वाटते त्यांनी विस्कॉन्सिनच्या त्या कालवडीची आठवण ठेवावी.

दंडात किंवा कमरेत सुई टोचून घेण्याची हौसही आवरली पाहिजे. स्नायूत रक्त साचून मोठी गाठ होते. संधिवाताच्या तापासाठी डॉक्टरांनी विचारपूर्वक चालू ठेवलेले पेनिसिलिनचे इंजेक्शन ही बाब निराळी. ते आपण होऊन बंद करू नये. दातांच्या दवाखान्यात खुर्चीवर बसण्यापूर्वीच झडपेची आणि गोळीची गोष्ट सांगावी. तेथे दोन धोके असतात. एक रक्ताचा; तो आकडा आधी पाहून आणि जागेवर दाब, टाके, औषध यांनी सहसा आवरता येतो. दुसरा जंतूंचा, दाताच्या मुळाशी असलेले जंतू रक्तात शिरून कृत्रिम झडपेवर घर करतात, म्हणून आधी प्रतिजैविक घ्यावे लागते. मात्र 'आठ दिवस गोळी बंद करून या' असे कोणी सहज म्हणाले तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये. दात पुन्हा बसवता येतो. मेंदूला झालेली इजा भरून येईलच असे नाही.

आता थोडे घरातल्या बायकांविषयी. हा भाग बोलायला अवघड, म्हणून तो बहुधा बोलला जात नाही. झडप बदललेल्या मुलीचे लग्न ठरताना ही गोष्ट लपवली जाते, असे आम्ही अनेकवार ऐकले आहे. लग्नानंतर गोळी कपाटात, नाही तर पिठाच्या डब्यामागे लपते. सासरी कोणी पाहील म्हणून कधी घेतली जाते, कधी नाही. आणि मग दिवस जातात. गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही गोळी गर्भाच्या नाकाच्या व हाडांच्या घडणीला अपाय करू शकते. मात्रा मोठी असेल तर धोका अधिक. उलट गोळी बंद करून हेपरिनची इंजेक्शने घेतली तर बाळाला ती बाधत नाहीत, पण आईच्या झडपेवर गुठळी होण्याचे भय वाढते. पूर्ण निर्धोक असा रस्ताच नाही. जो काही आहे तो दिवस राहण्याच्या आधी, नवराबायकोने मिळून डॉक्टरांसमोर बसून आखायचा असतो. ज्या घरात ही गोष्ट उघड आहे तिथेच हे शक्य. म्हणून आम्ही मुलाकडच्या वडील मंडळींना हात जोडून विनवतो: सून होणाऱ्या मुलीने खरे सांगितले तर तिला तिच्या खरेपणाची शिक्षा देऊ नका. मासिक पाळीचा रक्तस्राव या गोळीने वाढतो, तेही तिला सासूपाशी किंवा नणंदेपाशी बोलता आले पाहिजे. मनातल्या मनात सोसून तिच्या अंगातले रक्त आटते.

गोळी सोडणारे लोक दोन प्रकारचे. एकाला काही होत नसते म्हणून तो सोडतो. त्याची झडप चांगली चालली असते ती गोळीमुळेच, हे त्याच्या लक्षात येत नाही. दुसरा भीतीने सोडतो. दाढी करताना रक्त आले, हिरडीतून आले, अंगावर काळानिळा डाग दिसला की त्याला वाटते, आता संपलो. दोघांनाही आम्ही सांगतो की कुठे घाबरायचे आणि कुठे नाही, हे शिकून घ्यावे. किरकोळ कापले तर दहा मिनिटे स्वच्छ फडक्याने दाबून धरावे. पण शौचास डांबरासारखी काळी होणे, लघवी लाल होणे, नाकातले रक्त न थांबणे, एकाएकी डोके असह्य दुखणे, यांपैकी काही झाले तर घरी बसू नये. डोक्याला मार लागला आणि वर खोक दिसत नसली तरीही इस्पितळ गाठावे. तसेच तोंड वाकडे होणे, हातातले बळ जाणे, बोबडी वळणे, अचानक धाप लागणे, किंवा रोज ऐकू येणारी टिकटिक दबल्यासारखी होणे ही गुठळीची लक्षणे असू शकतात. तिथे एक तासही मोलाचा.

बाकी नेम साधा आहे. रोज एका ठरावीक वेळी, बहुतेक जण संध्याकाळी घेतात, गोळी घ्यावी आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खूण करावी. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी आठवली तर दोन एकदम घेऊ नयेत, चुकल्याची नोंद ठेवून डॉक्टरांना सांगावे. पाकीट बदलले तर त्यावरचे मिलिग्रॅम वाचावेत. पांढरी गोळी पाहून भुलू नये. खिशात एक कागद असावा: झडप कोणती, गोळी कोणती, आकडा किती हवा. बेशुद्ध माणसाच्या वतीने तोच बोलतो.

हल्ली तपासणीविना चालणाऱ्या नव्या गोळ्या निघाल्या आहेत आणि शेजारचे आजोबा त्या घेताना पाहून आमच्या मंडळींना मोह होतो. हा मोह आवरावा. धातूच्या झडपेवर अशा एका गोळीचा, डाबिगाट्रानचा, प्रयोग 2012 साली थांबवावा लागला, कारण गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. दुसरीचा, अपिक्साबानचा, प्रयोग 2022 साली थांबला. आमच्यासाठी जुनी गोळीच खरी.

आता शेवटची गोष्ट समाजाची. आज गरिबाच्या हृदयाची शस्त्रक्रिया शासनाच्या योजनेतून होऊ शकते, ही थोर गोष्ट आहे. गोळीही महाग नाही. महाग आहे ती तपासणी. आणि ती चाचणीच्या पैशापेक्षा एस.टी.च्या भाड्यामुळे आणि बुडालेल्या मजुरीमुळे महाग आहे. डोंगराळ तालुक्यातल्या माणसाला एका आकड्यासाठी जिल्ह्याच्या गावी जावे लागते. आज रक्त द्यायचे, उद्या आकडा आणायचा, परवा डॉक्टरांना दाखवायचा. दोनचारदा तो जातो, मग जात नाही. लाखो रुपयांची शस्त्रक्रिया अशी बसभाड्यावाचून वाया जाते. बोटाच्या टोकातल्या रक्ताच्या एका थेंबावर जागच्या जागी आकडा सांगणारी लहान यंत्रे आता आहेत. ती प्रत्येक घरात येणे कठीण, कारण त्यांच्या पट्ट्या महाग पडतात. परंतु तालुक्याच्या रुग्णालयात एक यंत्र, आठवड्यातला एक ठरलेला वार, आणि मात्रा कशी बदलायची हे शिकलेली एक परिचारिका एवढे होणे अशक्य आहे काय? जे पहिली शस्त्रक्रिया करून देते त्या सरकारने ती टिकवण्याची ही एवढी व्यवस्था करावी, अशी आमची मागणी आहे. आणि मुलाचा दुखरा घसा वेळीच दाखवून औषधाचे दिवस पुरे केले तर यातला बराचसा खटाटोप मुळातच टळेल, हेही पालकांनी विसरू नये.

शल्यविशारद झडप बसवतो ते काम चारपाच तासांचे. ती टिकवण्याचे काम त्यानंतर रोजचे आहे आणि ते एकट्या रोग्याचे नाही. भाजी करणारी, दिनदर्शिकेतल्या खुणेकडे नजर टाकणारा, दुकानात गोळी देताना एक प्रश्न विचारणारा, दात काढण्यापूर्वी थांबणारा, अशा पुष्कळांचा त्यात हात लागतो. आज या सभेत बसलेल्यांपैकी कोणाच्या घरी, कोणाच्या आळीत, कोणाच्या कचेरीत असा एखादा झडपवाला असेलच. घरी गेल्यावर त्याला एवढेच विचारा: 'मागचा आकडा कधी काढलास?' त्याने तारीख सांगितली तर आमचे आजचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.